एकाकीपणा आणि आरोग्य: चर्चची मंडळी काय करू शकते?

एकटे राहणे आणि एकाकी वाटणे यांत फरक आहे. घरात चार माणसे असूनही एखाद्याला एकाकी वाटू शकते. हवी तशी जवळीक मिळत नाही, ही बोच म्हणजे एकाकीपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर 6 पैकी 1 व्यक्तीला तो जाणवतो.

आरोग्यावर काय परिणाम होतो?
दीर्घकाळच्या एकाकीपणामुळे नैराश्य, हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो. झोप कमी होते, एकट्यासाठी स्वयंपाक करण्याचा कंटाळा येतो, बीपी-शुगरच्या गोळ्या चुकतात.

कोणाकडे लक्ष द्यावे?
मुले पुण्या-मुंबईला कामाला गेलेले आईवडील, जोडीदार गमावलेले ज्येष्ठ, कर्ता माणूस गेलेले शेतकरी कुटुंब, अंथरुणाला खिळलेले रुग्ण. वाशिम जिल्ह्यातील बहुतेक गावांत अशी घरे तुम्हाला सापडतील.

ख्रिस्ती सेवेची परंपरा
आजाऱ्याची विचारपूस करणे म्हणजे ख्रिस्ताचीच सेवा, अशी शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा आणि निराधार मुलींना निवाऱ्यासोबत शिक्षण आणि काम दिले. वाशिममध्ये नाझरीन चर्चच्या मिशनने रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभारले. दोन्ही ठिकाणी श्रद्धा प्रत्यक्ष सेवेतून दिसली.

भेटीला जाताना
- दिवस आणि वेळ ठरवा, आणि तो पाळा. सणाच्या एका मोठ्या भेटीपेक्षा दर आठवड्याची अर्ध्या तासाची भेट जास्त उपयोगी.
- आधी ऐका. उपदेशाची घाई नको.
- जेवण, झोप आणि गोळ्यांची चौकशी करा.
- प्रार्थना करण्यापूर्वी विचारा. व्यक्ती दुसऱ्या धर्माची असेल तर मदतीला कोणतीही अट जोडू नका.
- त्यांनाही काम द्या: मुलांना गोष्टी सांगणे, गाणी शिकवणे, भाजी निवडणे. आपली गरज आहे, ही भावना बळ देते.

प्रार्थना पुरेशी आहे का?
प्रार्थनेने अनेकांना धीर मिळतो. पण नैराश्य हा आजार आहे, तो विश्वास कमी पडल्यामुळे होत नाही. "तुमची श्रद्धा कमी आहे" असे म्हटल्याने रुग्णाचा अपराधीपणा वाढतो. प्रार्थना करा, पण डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?
दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच रस नसणे, खाणे-पिणे सोडणे किंवा नव्याने विसरभोळेपणा दिसला तर तपासणी करून घ्या. मरणाची भाषा केली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि तोवर त्यांना एकटे सोडू नका. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर 24 तास मोफत सल्ला मिळतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

रविवारच्या उपासनेला नेहमी येणारे कोणी सलग दोन आठवडे दिसले नाही, तर त्यांच्या घरी जाऊन या.