वरची पायरी, खालची पायरी

वेतन आयोगाची बातमी आली की आमच्या कार्यालयात पहिला प्रश्न एकच, "एरिअर्स किती मिळणार?" मीही तोच विचारतो. पण मोठ्या साहेबांचा पगार कसा ठरतो आणि शिपायाच्या पगाराशी त्याचा मेळ कसा घालतात, हे सहसा कुणी विचारत नाही. हा प्रश्न मात्र जुना आहे, आणि तो विचारणाऱ्यांत आपली मराठी माणसे पुढे होती.

१८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भारी पगार-पेन्शनचे ओझे हिंदुस्थानच्या गरीब रयतेवर पडते, हे त्यांनी तिथे मांडले. स्वतः ते फर्ग्युसन कॉलेजात महिना अवघ्या ७५ रुपयांवर शिकवीत. पुढे १९१२ च्या इस्लिंग्टन आयोगावर ते सभासद झाले, पण अहवाल येण्यापूर्वीच, १९१५ मध्ये, त्यांचे निधन झाले. १९२४ च्या ली आयोगाने तर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सवलती वाढवल्याच. १९३१ च्या कराची काँग्रेसने ठराव केला, की सरकारी नोकराचा पगार सामान्यतः ५०० रुपयांवर नसावा.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये, पहिल्या वेतन आयोगाने महागाई भत्त्यासह किमान ५५ रुपये आणि कमाल २,००० रुपये सुचवले, म्हणजे सुमारे ३६ पट. जुन्या आय.सी.एस. अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना राज्यघटनेच्या कलम ३१४ ने संरक्षण दिले. ते कलम १९७२ मध्ये रद्द झाले.

पुढे हे अंतर कमी होत गेले. पाचव्या आयोगात (१९९६ पासून) शिपाई २,५५० आणि सचिव २६,०००, म्हणजे दहा पट. मग ते पुन्हा वाढू लागले. सहाव्यात ७,००० आणि ८०,०००. सातव्यात १८,००० आणि २,२५,०००, म्हणजे साडेबारा पट. याचे कारण गुणकात आहे. सातव्या आयोगाने खालच्या पायरीला जुन्या वेतनाच्या २.५७ पट दिले आणि सचिवांना २.८१ पट. वरच्या पदांची जबाबदारी मोठी, हे त्याचे समर्थन. खालचा पगार मात्र कुटुंबाला लागणारे धान्य, कापड आणि घरखर्च यांच्या हिशेबावरून काढला होता. एकाचे मोजमाप जबाबदारीवर, दुसऱ्याचे पोटावर!

आयोग फक्त शिफारस करतो. निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा, आणि राज्ये आपापले आदेश नंतर काढतात. आता न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग नेमला आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा संगणक चालक आउटसोर्सवर आहे. काम माझ्याइतकेच करतो, पण कोणत्याच आयोगाच्या तक्त्यात तो नाही. एरिअर्सच्या गप्पा सुरू झाल्या की तो चहा आणायला उठतो. या वेळी मी एरिअर्सचा हिशेब करीन, तेव्हा खालची पायरी खरी कुठे सुरू होते, हेही स्वतःला विचारीन.