आसन आणि बोलावणें

१९२३ सालीं अवंतिकाबाई गोखले मुंबई कॉर्पोरेशनच्या सभासद झाल्या, तेव्हां जव्हारला संस्थानी अंमल होता. तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखल्या. २०११ सालीं महाराष्ट्रानें त्या निम्म्यावर नेल्या. जव्हार तालुक्यांतील जामसर अनुसूचित क्षेत्रांत येतें. म्हणून १९९६ च्या पेसा कायद्यान्वयें तेथील सरपंचपद आदिवासींचेंच.

कायद्यानें आसन मांडलें. परंतु ‘तूं उभा राहा’ हा आग्रह गांवोगांवीं अद्याप बहुधा पुरुषालाच होतो. स्त्रीची आठवण होते ती जागा राखीव असतांना, आणि विचारणा होते ती पुष्कळदां तिच्या नवऱ्याकडे. आरक्षण फिरून दुसरीकडे गेलें कीं अनुभवी सरपंचबाईलाहि कोणी पुसत नाहीं. आसन कायदा देईल. बोलावणें गांवानेंच धाडावयाचें आहे.