घारापुरीच्या पायऱ्यांवरचा उदीम

मुंबईच्या अपोलो बंदरावरून लाँचमध्ये बसलेल्या प्रवाशास तासाभरात घारापुरीचा धक्का लागतो. आणि तेथून लेण्यांकडे चढणाऱ्या सुमारे १२० पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस, ताणलेल्या ताडपत्रीखाली, दगडी मूर्ती, माळा, टोप्या, काकड्या, कैऱ्या आणि ताक यांची जी अखंड रांग मांडलेली असते, तिच्यावरून त्याची दृष्टी, महेशमूर्तीच्या दर्शनाची ओढ मनात असल्याने, बहुधा न रेंगाळताच पुढे जाते. लेण्यांवर विद्वानांनी विपुल लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या लेण्यांच्या पायथ्याशी ज्यांची चूल पेटते त्या माणसांच्या उदिमालाही इतिहास आहे, आणि तो वारंवार मोडून पुन्हा उभ्या राहिलेल्या संसाराचा असल्यामुळे मला तो अधिक जवळचा वाटतो.

दफ्तरात या बेटाचे धनी तेवढे सापडतात. १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून ते पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेले. त्यांनी ते वार्षिक खंडावर मक्त्याने लावले, किनाऱ्याजवळच्या पाषाणी हत्तीवरून त्यास एलिफंटा हे नाव दिले, आणि लेण्यातला एक शिलालेख आपल्या राजाकडे पाठविला, तो पुढे कायमचा नाहीसा झाला. त्यानंतर मराठ्यांचा अंमल आला. १७७४ साली साष्टीबरोबर इंग्रजांनी या बेटावरही हात टाकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने घारापुरी त्यांच्याकडेच राहिली. १८६४ मध्ये तो हत्ती विलायतेस नेण्यासाठी उचलीत असता यारी तुटून भंगला. तुकडे सांधून पुन्हा उभा केलेला तो हत्ती आज मुंबईत राणीच्या बागेनजीक आहे. १८७५ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला तेव्हा या लेण्यांत त्यास मेजवानी देण्यात आली. त्या रात्री पाणी कोणी वाहिले, वाट कोणी झाडली, याचा उल्लेख मला कोठे आढळला नाही. आणि भात पिकवून व मासे धरून राहणाऱ्या बेटकऱ्यांस त्या थाटाचे काय मिळाले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

१९८७ मध्ये लेणी जागतिक वारशाच्या यादीत आली, आणि पाहुण्यांचा ओघ वाढत जाऊन शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वाड्यांची गुजराण उत्तरोत्तर त्याच्यावर येऊन ठेपली. हा धंदा मुळातच आखूड मुदतीचा आहे : बाहेरच्या माणसास बेटावर रात्रीचा मुक्काम नसल्याने सारी विक्री पहिली लाँच लागल्यापासून शेवटची सुटेपर्यंतच्या काही तासांत उरकावी लागते, सोमवारी लेणी बंद, आणि पावसाळ्यात दर्या खवळला की लाँच थांबतात. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राच्या तळातून तार टाकून वीज आली. तोवर सायंकाळचे काही तास चालणारे जनित्र हाच गावचा उजेड होता. मुंबईचे दिवे समोर लखलखत असता या वाड्यांनी इतकी वर्षे अंधारात काढली, ही गोष्ट लिहिताना आजही मन विषण्ण होते.

विजेच्या आधारे थंड पेयांचा आणि खानावळींचा धंदा नुकताच मार्गी लागत होता, तोच १७ मार्च २०२० रोजी साथीमुळे देशभरची संरक्षित स्मारके बंद झाली. मध्यंतरी उघडलेली दारे १६ एप्रिल २०२१ पासून दोन महिने पुन्हा मिटली. अशा बंदीत काय काय थांबते हे पाहण्यासारखे आहे. लाँच थांबली की धक्क्यावरून पायथ्यापर्यंत धावणारी छोटी गाडी थांबते, वृद्धांस खुर्चीवर बसवून पायऱ्या चढविणाऱ्या भोयांचे खांदे रिकामे होतात, दुकानदाराचे भांडवल न विकलेल्या जिनसांत अडकून पडते, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून ग्रामपंचायत जो किरकोळ कर घेते तोही आटल्याने गावच्या सामाईक कामांस खीळ बसते. पुढे धंदा सावरला असता १८ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या हंगामात, घारापुरीकडे येणाऱ्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून अनेकांनी प्राण गमावले; त्यानंतर या मार्गावर जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे झाले. ज्या गावाची भाकर होडीतून येते, त्यास अशा अपघाताचा घाव दुहेरी बसतो.

पुन्हा उभे राहण्याचा क्रम मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, पायऱ्यांवर वरून खाली वाचण्याजोगा नाही. मोठ्या खानावळीस शिधा, नोकर आणि उधारी यांची जुळवाजुळव करावी लागते. मूर्ती विकणाऱ्यास मुंबईच्या व्यापाऱ्याशी जुना हिशेब मिटवून नवा माल उचलावा लागतो. टोपलीभर काकड्या चिरून तिखटमीठ लावून देणाऱ्या बाईस, किंवा नऊवारी नेसून डोक्यावर कळश्यांची उतरंड घेऊन पाहुण्यांच्या छायाचित्रासाठी उभ्या राहणाऱ्या तिच्या शेजारणीस, यांतले काहीच लागत नाही. टोपली घरचीच असते, कळश्याही घरच्याच. त्या घासून, पहिली लाँच धक्क्याला लागण्यापूर्वी, पायरीवरची आपली जागा धरली की झाले.