दगडावरचे कवच

स्वयंपाकघरातील ओट्याला डाग पडू नयेत म्हणून लावायचे 'सीलर' आज बाजारात मिळते. दगडाला असे कवच देण्याच्या खटपटीचा इतिहास जुना आहे, आणि रसायनशास्त्र शिकवताना तो उपयोगी पडणारा आहे.

१८३४ साली लंडनच्या पार्लमेंटची इमारत आगीत जळाली. नव्या इमारतीसाठी दगड निवडण्यास एक समिती नेमली गेली. तीत वास्तुविशारद चार्ल्स बॅरी व भूशास्त्रज्ञ विल्यम स्मिथ होते. अनेक खाणी पाहून मॅग्नेशियमयुक्त चुनखडक पसंत करण्यात आला. १८४० साली बांधकाम सुरू झाले. पण थोड्याच वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागले. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडपासून पावसात आम्ल तयार होई. ते दगडातील कार्बोनेटांचे सल्फेटांत रूपांतर करी. दगडाच्या छिद्रांत हे क्षार ओलीत विरघळत, वाळताना त्यांचे स्फटिक वाढत आणि आतून दगड फोडत.

१८६१ साली यावर उपाय शोधण्यासाठी पुन्हा समिती बसली. फ्रेडरिक रॅन्सम यांची रीत अशी होती: दगडात आधी सोडियम सिलिकेटचे द्रावण मुरवायचे, मग कॅल्शियम क्लोराइडचे. दोघांच्या अभिक्रियेतून न विरघळणारे कॅल्शियम सिलिकेट छिद्रांत बसते. समीकरण मात्र पूर्ण लिहून पाहा. उजवीकडे सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठही आहे! जे क्षार दगडाचे शत्रू, त्यांतच औषधाने भर घातली. शिवाय वरचा थर घट्ट झाला, की आतली ओल त्याच्यामागे अडकते आणि तो थरच सुटून येतो. विसाव्या शतकात या इमारतीचा बराचसा दगड बदलून क्लिप्शॅमचा चुनखडक बसवावा लागला.

१८६१ सालीच रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी वेगळी वाट सुचवली होती: सिलिकॉनचे एस्टर वापरावे. पाण्याशी अभिक्रिया होऊन दगडात सिलिका उरते आणि अल्कोहोल उडून जाते. मीठ मागे राहतच नाही. आजच्या सीलरांत वापरली जाणारी सिलेन व सिलोक्सेन ही संयुगे याच घराण्यातली. ती छिद्रे बुजवत नाहीत, त्यांच्या भिंतींना पातळ अस्तर लावतात. पाणी आत शिरत नाही, वाफ मात्र बाहेर पडू शकते.

पण आम्लापुढे हे अस्तर चुनखडकाला वाचवू शकत नाही. कोटा, कडप्पा व संगमरवर यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. ग्रॅनाइट मुख्यतः सिलिकेटांचा. दोन्ही प्रकारच्या फरशीचे तुकडे वर्गात आणावेत. प्रथम पाण्याचा थेंब ठेवावा. दगड गडद झाला, तर तो पाणी शोषतो. मग झिलई केलेल्या बाजूवर लिंबाचा रस ठेवून दहा मिनिटांनी पुसावा. कोट्याची चकाकी गेलेली दिसेल, ग्रॅनाइटची टिकलेली. डाग आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना यातून स्वतःच उमगेल. सीलर डाग टाळते. लिंबाचा रस मात्र लगेच पुसावाच लागतो.