घाटातले सुरुंग आणि कानातली शिट्टी

तर मंडळी, कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिन लागलं की मी इअरफोन काढतो. पुढचा घाट ऐकण्यासारखा आहे.

१८५६ मध्ये बोरघाटाचं काम सुरू झालं, २१ एप्रिल १८६३ ला रेल्वे खुली झाली. २५ बोगदे, हातोडा-पहार आणि सुरुंगाच्या दारूने फोडलेले. एका वेळी ४० हजारांवर मजूर! ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, मग बायको ॲलिसने ठेका सांभाळला, ही गोष्ट सगळे सांगतात. मला प्रश्न पडतो मजुरांच्या कानांचा.

बघा, जवळ सुरुंग उडाला की पडदा फाटू शकतो. कान ठणकतो, रक्त येतं. पण पडदा बऱ्याचदा भरून येतो. रोजचा ठणठणाट मात्र आतल्या शंखातल्या नाजूक पेशी मारतो, आणि त्या परत उगवत नाहीत. सहसा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. माणूस म्हणतो, "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत." शिवाय कानात शिट्टी.

हे मोजणार कोण? ऑडिओमीटरच १८७९ चं. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी १०० बॉयलर कामगार तपासले, एकाचाही कान धड निघाला नाही. आपल्या कारखाना कायद्यातल्या कळवायच्या रोगांच्या यादीत हा बहिरेपणा आला, तोही फार उशिरा.

खालापूर-खोपोलीत शिफ्ट संपल्यावर कुणाच्या कानात शिट्टी वाजत असेल, तर ऑडिओमेट्री करून घ्या. रिपोर्टची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.