रात्रीची वीज, दिवसाची ऊब

खेड्यांतील गृहिणी रात्रीं चुलींतले निखारे राखेखालीं झांकून ठेवीत आणि पहाटे त्यांच्यावरच नवा जाळ करीत. उष्णता हाताशीं असेल तेव्हां ती सांठवावी व लागेल तेव्हां वापरावी, ही युक्ति फार जुनी आहे. रोमन लोक स्नानगृहांच्या जमिनीखालीं पोकळी ठेवून तींतून भट्टीची गरम हवा खेळवीत. कोरियांत चुलीचा धूर दगडी जमिनीखालून नेऊन निजण्याची खोली रात्रभर उबदार ठेवीत. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत ह्याच युक्तीला विजेची जोड मिळाली. एखादी वस्तु स्वस्त मिळते ती कोणाच्या सोयीसाठीं, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या प्रयोगाच्या इतिहासांत सांपडतें.

वीज धान्याप्रमाणें कोठारांत सहजासहजीं भरून ठेवितां येत नाहीं. ज्या क्षणीं ती लागते त्याच क्षणीं उत्पन्न करावी लागते. संध्याकाळीं सारें शहर एकदम दिवे व शेगड्या लावितें. ती मागणी पुरविण्याइतकीं यंत्रें वीजगृहांत बसवावीं लागतात. मध्यरात्रीं त्यांपैकीं पुष्कळशीं रिकामीं राहतात. त्यांत गुंतलेल्या भांडवलाचें व्याज मात्र रात्रींही चालूच असतें. जॉन हॉपकिन्सन ह्या इंग्रज अभियंत्यानें १८९२ सालीं दाखवून दिलें कीं, विजेचा खर्च दोन प्रकारचा असतो: एक ग्राहकासाठीं सदैव सज्ज राहण्याचा व दुसरा प्रत्यक्ष वीज उत्पन्न करण्याचा. गर्दीची वेळ टाळून वीज घेणारा ग्राहक पहिल्या प्रकारचा खर्च वाढवीत नाहीं. तेव्हां त्याला कमी दर लावणें न्याय्य ठरतें.

१९४७ च्या कडक हिवाळ्यांत इंग्लंडांत कोळशाचा तुटवडा पडला. कारखाने थांबले आणि घरांतील वीजही दिवसांतून कित्येक तास बंद ठेवावी लागली. गर्दीच्या वेळची मागणी कशी आवरावी ह्याचा विचार करण्यासाठीं सर अँड्र्यू क्लो ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति बसली. हे गृहस्थ १९४२ ते १९४७ पर्यंत आसामचे गव्हर्नर होते. समितीचा अहवाल १९४८ सालीं आला व त्यास अनुसरून हिवाळ्यांत विजेचा दर वाढविण्यांत आला. पण साध्या मीटरला संध्याकाळची वीज कोणती व मध्यरात्रीची कोणती हें ओळखतां येत नाहीं. त्यामुळें वेळ सांभाळणारा व न सांभाळणारा, दोघांनाही सारखाच दंड बसला. एका हिवाळ्यानंतर ती योजना सोडून द्यावी लागली. दंडानें जें साधलें नाहीं तें सवलतीनें साधावें, हा विचार मग बळावला.

इतर परिस्थितीही त्यास अनुकूल होती. १ एप्रिल १९४८ पासून वीजधंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला होता. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर विषारी धुकें पसरून हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं व १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळशाच्या शेगड्या मागें पडूं लागल्या. १९६० नंतर नगरसंस्थांनीं भाडेकरूंसाठीं ज्या उंच इमारती उभारल्या, त्यांपैकीं अनेकींत जमिनीच्या काँक्रीटमध्येंच विजेच्या तारा पुरण्यांत आल्या. धुराडें नको, कोळशाची खोली नको; बांधणाऱ्याचा खर्च वांचला. रात्रींच्या यंत्रांना काम मिळालें. वीजमंडळांची सोय झाली.

रात्रीं अकराच्या सुमारास घड्याळाची कळ आपोआप फिरे, तारा तापूं लागत आणि सकाळीं सातच्या सुमारास प्रवाह थांबे. काँक्रीटचा जाड थर ती उष्णता पिऊन घेई व दिवसभर सावकाश सोडी. पायांखालीं ऊब असल्यानें खोली सुखद वाटे. परंतु उद्यांची हवा आदल्या रात्रींच ताडावी लागे. ऊन पडलें तर दुपारीं घर नकोसें तापे, आणि माणसें कामावरून परतत त्या संध्याकाळीं जमीन निवत चाललेली असे. एकदां भरलेली उष्णता परत घेतां येत नसे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर विजेचे दर वाढले. उत्तर समुद्रांत १९६५ सालीं सांपडलेला वायु ज्यांच्या घरीं पोंचला, ते त्याकडे वळले. भाडेकरूला मात्र जमीन उकरून दुसरी सोय करतां येत नव्हती. बिल परवडेना म्हणून अनेकांनीं जमिनीखालचें तापन बंदच ठेविलें. मग उष्णता न धरणाऱ्या काँक्रीटच्या भिंतींवर दंव सांचे, बुरशी धरे व मुलांचे कपडे ओलसर राहत. अशा वेळीं दोष पुष्कळदां त्यांच्या राहणीवर येई. ज्यांनीं ही व्यवस्था निवडली ते एक, आणि तिचें बिल भरणारे दुसरे, हें ह्या हकीकतीचें दुःखद अंग होय.

स्वस्त रात्रीची कल्पना मात्र टिकली. विटांत उष्णता सांठविणाऱ्या शेगड्या घरोघर आल्या. १९७८ सालीं रात्रींच्या सात तासांचा 'इकॉनॉमी सेव्हन' हा दर सुरू झाला. पुढें बी. बी. सी.च्या दीर्घलहरींवर, श्रोत्यांच्या कानांस न कळतां, मीटरची कळ फिरविणारा संकेत जाऊं लागला. जून २०२५ पासून तोही टप्प्याटप्प्यानें बंद होऊं लागला. त्यापूर्वींच, सप्टेंबर २०२४ मध्यें, ब्रिटनमधील कोळशाचें शेवटचें वीजगृह थंडावलें होतें.

कोळसा गेला तरी वारा रात्रींही वाहतो, आणि त्याची वीज मागणी नसतांना स्वस्त देण्याचा प्रश्न पुन्हां पुढें आला आहे. हॉपकिन्सनचें गणित तेव्हांही बरोबर होतें व आजही आहे. त्यांत एका रकमेची भर घालावयास हवी: सांठविलेली ऊब घरांत टिकावी म्हणून भिंती व छप्पर नीट करण्याचा खर्च. तो घर बांधतांनाच केला नाहीं, तर पुढें दर हिवाळ्यांत तो भाडेकरूच्या माथीं बसतो.