परीक्षेला निघालेली माणसं

एसटी कुंभार्ली घाटात अडकली होती. वर कुठेतरी दरड आली होती, पावसाने काचा पांढऱ्या पडल्या होत्या आणि आत ओल्या धोतरांचा, लिमलेटच्या गोळ्यांचा आणि डिझेलचा मिळून एक वास कोंडला होता. आजोबांनी खिडकीची काच बाहीने पुसली आणि खाली दरीकडे बोट दाखवलं. ‘‘इथून चालत गेले अण्णा. असाच पाऊस होता.’’

मी सात-आठ वर्षांचा होतो. अण्णा म्हणजे आमच्यातलेच कोणी काका असावेत असं मला वाटलं. आजोबा मुरूडच्या पंचक्रोशीतले, त्यामुळे महर्षी कर्व्यांना ते कधी महर्षी म्हणाले नाहीत. गोष्ट अशी: 1875 साल. मुरूडच्या काही पोरांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि परीक्षेचं केंद्र साताऱ्याला. भर पावसाळ्यात समुद्र खवळलेला, गलबतं बंद. मग पायीच निघाले. सुमारे 110 मैल, मध्ये हा घाट, वाटेत ओढे. पायांची सालटी निघाली तरी वेळेत पोचले.

‘‘मग पास झाले?’’ मी विचारलं.

‘‘बसूच दिलं नाही. सतराचा दिसत नाहीस म्हणाले. अंगाने बारीक होते ना. आले तसे परत.’’

मला आठवतं, मी तेव्हा रडवेला झालो होतो. गोष्ट अशी कशी संपेल? आजोबा मात्र काच पुन्हा पुसत राहिले. त्यांच्या गोष्टींची ही एक खोडच होती. ते माणसाला परीक्षेच्या दारापर्यंत आणून सोडत. पुढे कोण न्यायमूर्ती झालं, कोणाचे पुतळे उभे राहिले, ते तुमचं तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचा.

स्वतः आजोबा मॅट्रिक. फोर्टातल्या एका कचेरीत तीस-पस्तीस वर्षं कारकून होते आणि राजाबाई टॉवरच्या ठोक्यांवर त्यांचा दिवस चाले. सुट्टीच्या दिवशी मला ओव्हलवर न्यायचे. मनोऱ्याची गोष्ट त्यांच्याकडून किती वेळा ऐकली असेन! प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले, आईचं नाव द्यायला सांगितलं. ती म्हातारी आंधळी, धर्माने जैन, सूर्यास्ताच्या आत जेवायची, म्हणून तिला वेळ कळावी यासाठी घंटा. हे शेवटचं खरं की लोकांनी रचलेलं, देव जाणे; गिरगावात मात्र ते सगळे असंच सांगत. मोठा झाल्यावर मी सनावळ्या पाहिल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मनोरा 1878 साली पुरा झाला. मुंबई विद्यापीठाने मुलींना पदवीचा हक्क दिला 1883 मध्ये. म्हणजे पाच वर्षं विद्यापीठाच्या अंगणात एका बाईचं नाव 280 फूट उंच उभं होतं आणि तिच्या जातीच्या कोणालाही आत परीक्षेला बसता येत नव्हतं.

हे विद्यापीठ 1857 मध्ये निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. पहिली साठेक वर्षं तिथे जवळजवळ काही शिकवलंच जात नव्हतं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि कागद द्यायचा. त्यामुळे आजोबांच्या तोंडी ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द यायचा तो परीक्षा या अर्थानेच. शिक्षण दुसरीकडे कुठेतरी होत असे: वार लावून जेवणाऱ्या पोरांच्या खोल्यांत, देवळाच्या ओवरीत, चाळीतल्या दिव्याखाली.

परळच्या चाळीतला एक दिवा तर आजोबा डोळ्यांसमोर उभा करायचे. एकच खोली, तीत सगळं बिऱ्हाड. छोटा भीमराव आंबेडकर संध्याकाळी लवकर निजायचा, डोक्याशी जातं, पायाशी शेळी. रात्री दोन वाजता वडील सुभेदार रामजी त्याला उठवायचे आणि मग स्वतः त्याच जागेवर आडवे व्हायचे. पहाटेपर्यंत अभ्यास. हायस्कुलात त्याला संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. 1907 मध्ये मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टनमधून बी.ए., 1912. ‘‘जागा कमी पडली की झोपेच्या पाळ्या लावायच्या,’’ एवढंच आजोबा म्हणत आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीकडे पाहत.

ही गोष्ट त्यांनी पुस्तकातून उचलली असेल, पण तिचा पुढचा भाग त्यांच्या टेबलाशेजारचा होता. 1946 साली डॉक्टर आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि तिथे सकाळचे वर्ग भरू लागले, नोकरी करणाऱ्यांसाठी. आजोबांच्या कचेरीतला एक शिपाई त्या वर्गांना जाई. पहाटे घरून निघायचा, तास संपवून साडेदहाच्या ठोक्याला कचेरीत हजर. डब्याबरोबर त्याच्या पिशवीत लॉजिकचं पुस्तक असे. तो बी.ए. झाला त्या दिवशी साहेबाआधी त्याने आजोबांना पेढा दिला. आजोबांनी तो अर्धा कागदात गुंडाळून घरी आणला आणि आजीला म्हणाले, ‘‘देवापुढे ठेव.’’

मुंबई विद्यापीठाचे पहिले चौघे पदवीधर 1862 चे: रानडे, भांडारकर, वागळे, मोडक. पुढे चौघेही प्रार्थना समाजात. ही नावं आजोबा सप्तर्षी मोजावेत तशी मोजायचे. भांडारकर मालवणचे, म्हणून कोकणाचा वाटा मोठा, हे सांगताना आवाज चढायचा. त्याच भांडारकरांच्या संस्कृतच्या पुस्तकांवर पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या आणि 1893 मध्ये ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पण माझा जीव अडकतो तो रानड्यांत. विद्यार्थी असताना त्यांनी निबंधात मराठ्यांच्या राज्याची थोरवी इंग्रजी राज्याशी ताडून लिहिली, तेव्हा प्रिन्सिपॉल ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली, असं सांगतात. वाचून वाचून डोळे आधीच अधू झालेले. तो मुलगा काही बोलला नाही. पुढे सरकारी नोकरीत शिरला, 1893 मध्ये हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला आणि 1900 मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्याने पुस्तक लिहिलं. त्या निबंधाचा धागा चाळीस वर्षं त्याच्या हातातून सुटला नव्हता असं मी मनाशी धरून चालतो.

दुसरी चिकाटी मला याहून मोठी वाटते. विद्यापीठ सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर पडल्या होत्या. मुंबईत राहून, मुंबईच्या विद्यापीठात, मराठीत परीक्षा नाही! रानडे विद्यापीठाचे फेलो होते. त्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला, समित्यांतून, टिपणांतून, विरोध झाला तरी. 16 जानेवारी 1901 रोजी ते गेले आणि त्याच सुमारास मराठीला एम.ए.च्या परीक्षेत जागा मिळाली. आज मराठी घेऊन पदवी मिळवणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर रानड्यांची न दिसणारी सही आहे, असं मी मानतो.

आत्याला सगळ्यांत आवडायची ती कॉर्नेलिया सोराबजीची हकिगत. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या घोळक्यात एकटी. पोरं वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घेत. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. परीक्षेत ती वरच्या क्रमांकाने आली, तर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली. लोकांनी वर्गणी काढून तिला ऑक्सफर्डला धाडलं. 1892 मध्ये तिथे कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडायला 1922 उजाडलं. ‘‘तीस वर्षं!’’ आत्या म्हणायची आणि भाकरी थापता थापता थांबायची.

आत्याची स्वतःची शाळा अकरावीला सुटली होती. लग्न, दोन मुलं, आणि मग अकाली वैधव्य. ती माहेरी परत आली तेव्हा चाळीत बायका हळू आवाजात बोलत. आजोबांनी महिनाभर काही काढलं नाही. मग एके दिवशी अण्णांच्या विद्यापीठाचे फॉर्म घेऊन आले.

घाटातून परत पाठवलेला तो मुलगा तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाला, 1884 मध्ये गणित घेऊन बी.ए. फर्ग्युसनमध्ये शिकवू लागला, एका विधवेशी लग्न केलं, विधवांसाठी आश्रम काढला आणि कॉलेज सुटल्यावर हिंगण्याच्या चिखलातून रोज तिथवर चालत जाई. 1916 मध्ये त्याने बायकांसाठी निराळं विद्यापीठच उभं केलं, मातृभाषेतून शिकवणारं. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी त्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले आणि त्यांच्याही आईचं, नाथीबाईचं, नाव लागलं. या नावाच्या दारातून मात्र बायकाच आत जात होत्या. 1957 मध्ये मुंबई विद्यापीठाने आपल्या या जुन्या पदवीधराला एलएल.डी. दिली. तेव्हा अण्णा नव्व्याण्णव वर्षांचे होते आणि आजोबांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्र घडी न मोडता ट्रंकेत ठेवलं होतं.

आत्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसली तेव्हा चौतीस वर्षांची होती. पहिल्या पेपरच्या दिवशी तिच्या हातात दही-साखर देऊन आजोबा तिच्याबरोबर निघाले. मीही हट्टाने गेलो. गिरगावातून चर्चगेटकडे बस जात होती, तिकिटाचे पैसे आजीने हातावर ठेवले होते. आजोबांनी ते खिशात टाकले आणि चालू लागले. ठाकुरद्वार, धोबीतलाव, मग मरीन लाईन्सच्या बाजूने. आत्या दोनदा म्हणाली, ‘‘भाऊ, उशीर होईल हो.’’ ते थांबले नाहीत.

दाराशी बैठक क्रमांकांचा तक्ता लावला होता. आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि बोटाने ओळ धरत धरत तिचा आकडा शोधला. मग तिथल्या बाईंना विचारलं, ‘‘हिला बसू देणार ना?’’

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, ‘‘हो, आजोबा. नाव आहे की.’’

आत्या आत गेली. आम्ही समोरच्या फुटपाथवर घंटा होईपर्यंत उभे राहिलो. तोवर त्यांनी माझा हात सोडला नव्हता.